उकिरडा, शेत आणि शरीर



गेल्या उन्हाळ्यांत गोदाकांठच्या एका लहानशा मंडळींत संध्याकाळच्या बैठकीस आम्हीं खताविषयीं चार गोष्टी सांगितल्या. सगळें शेण गोवऱ्यांत घालूं नका, पऱ्हाट्या व पाचट बांधावर पेटवूं नका, खड्डा करून सारें कुजवा, एवढेंच आमचें बोलणें होतें. बैठक उठल्यावर एक वृद्ध वडील मागें राहिले व म्हणाले, "पाळकसाहेब, माझ्या बापाचा जन्म गांवचे उकिरडे उपसण्यांत गेला. मेलेलें ढोर ओढा, शेण उचला, आणि वर 'दूर हो' म्हणून ऐकून घ्या. त्यांतून आम्ही सुटलों, पोरें शाळेंत घातलीं. आतां तुम्हीच सांगतां कीं पुन्हां शेणांत हात घाला?"

आम्हांस तेव्हां नीट उत्तर देतां आलें नाहीं. आमचे आजोबाहि त्याच कामांतले. त्यांच्या हातांवरील भेगा आम्हीं लहानपणीं पाहिल्या आहेत. तो प्रश्न आम्ही घरीं घेऊन आलों. पुढें भाद्रपदांत त्याच घरीं जें संकट आलें तें पाहिल्यावर ह्या विषयाचा एक पाठ लिहावा असें मनांत आलें. जे उपदेशक गांवोगांव फिरतात त्यांनीं हा पाठ वाचून दाखवावा, व ज्यांस शेत नाहीं त्यांसहि बोलवावें. कारण ह्यांतला अर्धा भाग मालकापेक्षां मजुरासाठींच आहे.

प्रथम जमिनीविषयीं. काळ्या रानाची मूठभर माती हातांत घेऊन पाहा. तिच्यांत खडकाचा चुरा, पाणी व हवा हीं असतातच; परंतु कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा, मुळांचा व शेणाचा जो काळसर अंश तिच्यांत मिसळलेला असतो, त्यावर तिचा जीव अवलंबून आहे. ह्या अंशास ह्यूमस म्हणतात. सरकारनें २०१५ सालापासून शेतकऱ्यांस मृदा-आरोग्य-पत्रिका देण्यास आरंभ केला, तींत ह्याचेंच माप 'सेंद्रिय कर्ब' ह्या नांवाखालीं लिहिलेलें असतें. ज्यांच्या घरीं ती पत्रिका आली असेल त्यांनीं पेटींतून काढून तो आंकडा वाचावा. शंभर भाग मातींत अर्ध्या भागाहून कमी कर्ब असला तर रान दुबळें समजतात, पाऊण भागाहून अधिक असला तर चांगलें. आपल्या दख्खनच्या पुष्कळ रानांचा आंकडा अर्ध्याच्या खालींच आहे.

ह्या काळ्या अंशाचें काम काय? तो फडक्यासारखा पाणी धरून ठेवतो, म्हणून दोन पावसांत अंतर पडलें तरी पीक लवकर मान टाकीत नाहीं. तो मातीचे कण एकत्र बांधतो, म्हणून वळवाच्या पहिल्या सरींत माती ओढ्यास वाहून जात नाहीं. आणि मातींत जे डोळ्यांस न दिसणारे कोट्यवधि जीव राहतात त्यांचें तें अन्न आहे. ते जीव तें खातात आणि त्यांतूनच पिकाच्या मुळांस नत्र, स्फुरद वगैरे हळूहळू मिळत जातें. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यांत सुमारें २१ किलो नत्र असतें, हें खरें. पण त्या जिवांचें अन्न त्यांत मुळींच नसतें. पोतें पिकास पाजतें, मातीस उपाशी ठेवतें. कित्येक वर्षें नुसत्या पोत्यावर रान चालविलें म्हणजे पहिल्या वर्षी एका पोत्यांत जें पीक येत होतें त्यास पुढें दीड लागतें व मग दोन, ही तक्रार आम्हीं ज्या ज्या गांवीं गेलों तेथें ऐकली आहे.

रासायनिक खत हें वाईटच आहे असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. ज्यांस १९७२ चा दुष्काळ आठवतो, खडी फोडण्याच्या कामावर मिळालेल्या सुकडीवर ज्यांनीं दिवस काढले, त्यांच्यापुढें धान्य वाढविणाऱ्या कोणत्याहि साधनाची निंदा करणें शोभत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, जमिनीपासून जें घेतलें त्यांतलें जें परत देतां येण्यासारखें आहे तें जाळून टाकून, त्याच्या जागीं विकत आणलेलें पोतें टाकणें हा तोट्याचा धंदा आहे, आणि त्याची झळ खिशाप्रमाणें शरीरासहि लागते.

परत देण्याची रीत कोणी परदेशांतून तयार करून आणलेली नाहीं. ती आपल्या शेजारीं, इंदुरास, बसविली गेली. सर आल्बर्ट हॉवर्ड नांवाचे एक इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ सालीं हिंदुस्थानांत आले व बिहारांतील पुसा येथील सरकारी संशोधनशाळेंत नोकरीस लागले. ते शेतकऱ्याच्याच घरीं जन्मलेले. येथील शेतकऱ्यांस शिकवावें म्हणून आले आणि बिहारच्या शेतकऱ्यांपासून व पिकांवर पडणाऱ्या किडीपासून आपणच शिकलों, असें पुढें त्यांनीं मोकळ्या मनानें लिहून ठेविलें. चीन देशांतील शेतकरी शेंकडों वर्षें तीच जमीन कसून ती थकूं देत नाहींत, ह्याचें वर्णन किंग नांवाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत केलें होतें. तेंहि हॉवर्डसाहेबांनीं मन लावून वाचलें. मग १९२४ सालीं होळकर सरकारानें दिलेल्या जमिनीवर इंदुरास वनस्पति-उद्योगाची संस्था निघाली, तिचे ते संचालक झाले. तेथें सात वर्षें काडीकचऱ्यापासून खत करण्याचे प्रयोग चालले, व १९३१ सालीं त्यांचें पुस्तक निघालें. त्या पुस्तकावर त्यांच्याबरोबर यशवंत वाड ह्या रसायनज्ञ सहकाऱ्याचेंहि नांव आहे. वाड हें आडनांव आमच्या वाचकांस परकें वाटूं नये. पण 'इंदूर पद्धति' म्हणतांना साहेबाचें नांव घेतलें जातें व वाडांचें राहून जातें, म्हणून येथें मुद्दाम लिहिलें.

आणखी एका साहेबाविषयीं दोन शब्द. डॉक्टर व्होल्कर ह्यांस १८८९ सालीं इकडची शेती पाहण्यास पाठविलें होतें. त्यांनीं १८९३ सालच्या अहवालांत स्पष्ट लिहिलें कीं, येथील लोक शेण जाळतात तें आळसानें किंवा अज्ञानानें नव्हे, सरपण मिळत नाहीं म्हणून. हें आमच्या भगिनींसाठीं सांगितलें. गोवऱ्या थापणाऱ्या बाईस दोष देऊन उपयोग नाहीं. आतां पुष्कळ घरांत गॅस आला आहे. परंतु टाकी भरून आणावयास पैसे नसले म्हणजे चुलींत पुन्हां गोवरीच जाते. तेव्हां निदान अर्धें शेण तरी खड्ड्यासाठीं वेगळें काढावें, एवढेंच मागणें रास्त होईल.

आतां रीत. जागा अशी निवडावी कीं तेथें पाणी सांचणार नाहीं, व ती पिण्याच्या विहिरीपासून चांगली दूर व उताराच्या खालच्या अंगास असावी. सहा हात लांब, चार हात रुंद व दोन हात खोल खड्डा एका कुटुंबास पुरे; ह्याहून खोल करूं नये, कारण तळापर्यंत वारा पोंचला नाहीं तर सारें कुजण्याऐवजीं सडतें व दुर्गंधि सुटते. पऱ्हाट्या, तुरकाट्या असें जें कठीण असेल तें आधीं गाडीवाटेवर पसरून चाकांखालीं चेंचून घ्यावें, अथवा कोयत्यानें तुकडे करावे. खड्ड्यांत प्रथम सहा इंच काडीकचरा, गवत, तण, पाचट, जनावरांच्या पुढील उष्टा कडबा असें मिसळून पसरावें; त्यावर दोन इंच शेण कालवून टाकावें; त्यावर गोठ्यांतील मुतानें भिजलेली माती व चुलींतील राख भुरभुरावी आणि पाणी शिंपडावें. पुन्हां काडीकचरा, पुन्हां शेण, असे थर वरपर्यंत द्यावे. भरतांना पाय देऊन दाबूं नये. भरून झाल्यावर पहारेनें तीन-चार ठिकाणीं उभीं भोकें पाडावीं, म्हणजे वारा खेळतो.

गोठ्यांतील मातीविषयीं आमचे लोक फार निष्काळजी असतात. जनावराच्या अंगांतून जें नत्र बाहेर पडतें त्याचा निम्म्याच्या आसपास भाग मुतांत असतो, आणि तो सारा आपण गोठ्याच्या दारांतून गल्लींत वाहूं देतों. इंदुरास जनावरांखालीं कोरडी माती पसरून ठेवीत व भिजली म्हणजे ती खतासाठीं काढून घेत. ह्यास एक पैसा लागत नाहीं.

दोन-तीन दिवसांत ढीग तापूं लागतो. लोखंडी सळई आंत खुपसून थोड्या वेळानें बाहेर काढावी. हातांत धरवत नसेल तर काम ठीक चाललें आहे असें समजावें. आंतील उष्णता साठ-पासष्ट अंशांपर्यंत चढते. सळई थंड निघाली तर पाणी कमी झालें आहे किंवा शेण थोडें पडलें आहे. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सारें खालवर करावें, बाहेरचें आंत व आंतलें बाहेर, आणि कोरडें दिसेल तेथें पाणी द्यावें. सहाव्या आठवड्यास पुन्हां एकदां तसेंच. तीन महिन्यांनीं जें निघतें तें शेण दिसत नाहीं व शेणाचा वासहि येत नाहीं. पहिल्या पावसानंतर रानांतून जो वास येतो तसा वास येतो, व मुठींत धरलें तर हातास चिकटत नाहीं. ज्यांस शेणाची किळस आहे त्यांनीं हें एकदां हातांत घेऊन पाहावें.

नेहमींचा उकिरडा आणि हा खड्डा ह्यांत आरोग्याच्या दृष्टीनें किती अंतर आहे तें आतां पाहूं. घरमाशी ओल्या शेणांत व घाणींत अंडीं घालते, आणि उन्हाळ्यांत आठ-दहा दिवसांत अंड्याची माशी होऊन उडूं लागते. तीच माशी उकिरड्यावरून उठून मुलाच्या भाकरीवर बसते व हगवण, विषमज्वर असे रोग घरांत आणते. रचलेला ढीग आंतून तापतो, त्यांत अंडीं व अळ्या मरतात, तणाचें बींहि मरतें. वरचा थर थंड राहतो म्हणून त्यावर चार बोटें माती टाकावी आणि खालवर करण्याच्या वेळीं तो थर आंत जाऊं द्यावा. ह्या पद्धतीनें वस्तीच्या घाणीची विल्हेवाट कशी लावावी ह्याविषयीं वाड ह्यांनीं जॅक्सन ह्यांच्याबरोबर १९३४ सालीं एका वैद्यकीय मासिकांत निबंधहि लिहिला होता. मात्र माणसांची विष्ठा आपण ह्या घरगुती खड्ड्यांत टाकूं नये. जंतांचीं अंडीं फार चिवट असतात आणि घरच्या ढिगाची उष्णता सर्वत्र सारखी नसते.

आणखी एक सावधगिरी. शेणांत धनुर्वाताचें बीज असतें, व तें ढिगाच्या उष्णतेनें मरत नाहीं. म्हणून हातापायास जखम असतां उघड्या हातांनीं खत भरूं नये, पायांत कांहींतरी घालावें, काम झाल्यावर साबणानें धुवावें, आणि धनुर्वाताची लस सरकारी दवाखान्यांत जाऊन घ्यावी. आमच्या वडिलांस कोणी हातमोजे दिले नव्हते. आपण ते घालून काम केलें तर त्यांचा अपमान होत नाहीं.

विहिरीच्या पाण्याचाहि ह्याच्याशीं संबंध आहे. पिकास जितका पचेल त्याहून अधिक युरिया टाकला म्हणजे उरलेलें नत्र नायट्रेट होऊन पाण्याबरोबर खालीं उतरतें व विहिरींत येतें. आपल्या देशांतील मानकाप्रमाणें पिण्याच्या एक लिटर पाण्यांत तें ४५ मिलिग्रॅमहून अधिक असूं नये. अधिक झालें आणि त्या पाण्यांत कालवलेलें दूध बाटलीनें पिणारें तान्हें मूल घरांत असलें, तर त्याचें रक्त प्राणवायु वाहूं शकत नाहीं व अंग निळसर पडतें. पाणी उकळल्यानें हा दोष जात नाहीं, उलट थोडा वाढतो. ही गोष्ट आयांनीं लक्षांत ठेवावी, कारण आम्ही त्यांस इतर सर्व प्रसंगीं 'उकळून पाजा' असेंच सांगत असतों. आणि न्यायानें बोलावयाचें तर विहिरीच्या कांठावर रचलेला शेणाचा उकिरडाहि हाच अपाय करितो. सेंद्रिय म्हणून तें निर्दोष होत नाहीं.

आतां फवारणीचें. आपण जें पंपांत भरून पिकावर मारतों त्यास 'औषध' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. हा शब्द आपण सोडला पाहिजे. तें विष आहे. २०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व मजूर मरण पावले, आणि शेंकडों लोक दवाखान्यांत पडले. त्या वर्षी कपाशी डोक्याहून उंच वाढली होती, म्हणून फवारा वर धरावा लागे व तो मारणाराच्याच तोंडावर येई; निरनिराळीं विषें एकत्र कालवून मारलीं जात होतीं; बहुतेकांच्या अंगावर साधा सदरा व तोंडास रुमाल, ह्यापलीकडे कांहीं नव्हतें.

आम्हीं वर ज्या वडिलांविषयीं लिहिलें त्यांचा नातू गेल्या भाद्रपदांत दुसऱ्याच्या शेतांत रोजानें फवारणीस गेला. दुपारीं तो बांधावर बसला, घामानें भिजला, तोंडांतून लाळ गळूं लागली, डोळ्यांपुढें धुकें आलें म्हणाला. आम्ही योगायोगानें त्याच गांवीं होतों. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टांचणीच्या माथ्याएवढ्या झाल्या होत्या. आम्ही त्यास मोटारसायकलीवर दोघांच्या मध्यें बसवून तालुक्यास नेलें. डॉक्टरांनीं पहिला प्रश्न केला, "काय मारीत होता?" आम्हांस सांगतां येईना. डबा शेतांतच राहिला होता आणि तो बरोबर घ्यावा हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. आणखी एक चूक आम्हांकडून झाली: तोच भिजलेला सदरा अंगावर असतां त्यास तासभर नेलें, आणि त्या सदऱ्यांतून विष अंगांत जातच राहिलें. डॉक्टरांनीं लक्षणें ओळखून अट्रोपीनचीं इंजेक्शनें चालू केलीं म्हणून तो वांचला. आठव्या दिवशीं घरीं आला. शिकलेल्या माणसाकडून अशी चूक व्हावी ह्याची आम्हांस अजून लाज वाटते. ती येथें छापून आली म्हणजे दुसऱ्या कोणाकडून होणार नाहीं, म्हणून लिहिली.

तर असा प्रसंग आल्यास प्रथम माणसास रानांतून बाहेर काढावें, कपडे उतरावे, अंग साबण-पाण्यानें धुवावें, ओकारी मुद्दाम काढूं नये, आणि डबा किंवा बाटली घेऊनच दवाखान्यांत जावें. डब्यावर एक रंगीत त्रिकोण असतो: लाल म्हणजे अत्यंत जहाल, पिवळा त्याच्या खालोखाल, मग निळा, मग हिरवा. वाचतां न येणारासहि रंग ओळखतां येतो. उपदेशकांनीं हें बैठकींत डबा दाखवून शिकवावें. (रिकामा, धुतलेला डबाहि मुलांच्या हातीं देऊं नये.) मारणाऱ्यानें वारा पाठीवर घेऊन चालावें, उपाशीपोटीं जाऊं नये, मध्यें तंबाखू मळूं नये, नळी चोंदली तर तोंडानें फुंकूं नये. ह्या गोष्टी मजूर जाणतो, पण मालक म्हणतो 'लवकर आटप' आणि रोज बुडेल ह्या भीतीनें तो आटपतो. हातमोजे, चष्मा व मुखपट्टी मालकाजवळ मागणें हा उद्धटपणा नव्हे. एकट्या पोरास मागण्याचें धैर्य होत नसेल तर मंडळींतील दोघा वडिलांनीं त्याच्याबरोबर जावें.

रिकाम्या डब्यांविषयीं सांगावयाचें कारण असें. बिहारांतील छपरा शहराजवळच्या एका गांवीं १६ जुलै २०१३ रोजीं शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मेलीं; स्वयंपाकाच्या तेलांत शेतावर मारण्याचें विष मिसळलें गेलें होतें. आमच्या घरांतून अशा डब्यांत रॉकेल, तेल, कधीं पाणीसुद्धां भरून ठेविलेलें आम्हीं पाहिलें आहे. डब्यास भोंक पाडून तो निकामी करावा.

विष मारण्याचे प्रसंगच कमी व्हावे ह्यासाठीं जे उपाय आहेत ते आपल्या आज्यापणज्यांस अपरिचित नव्हते. एकाच रानांत दर वर्षी कपाशीवर कपाशी न घेतां बेवड पाळावी. मध्यें हरभरा, भुईमूग, तूर ह्यांसारखीं पिकें आलीं तर त्यांच्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्रहि सांठतें. कपाशीच्या कडेनें झेंडू लावावा, पक्ष्यांस बसण्यासाठीं काठ्या रोवाव्या. निंबोळीचा अर्क घरीं होतो: पांच किलो वाळल्या निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यांत भिजवाव्या, सकाळीं फडक्यानें गाळून त्यांत थोडा साबणाचा चुरा घालून एकंदर शंभर लिटर पाणी करावें व त्याच दिवशीं संध्याकाळीं मारावें. ह्यानें कीड एका रात्रींत मरत नाहीं. तिचें खाणें व वाढणें थांबतें. म्हणून पहिल्या अळ्या दिसतांच मारला तर गुण येतो, रान खाऊन झाल्यावर नाहीं. बाजारांत 'जैविक' असें मोठ्या अक्षरांनीं लिहिलेल्या ज्या महाग बाटल्या मिळतात, त्यांत काय आहे हें बाटलीवर स्पष्ट छापलेलें नसेल तर त्या घेऊं नयेत.

कोणी विचारतील, शेणखताचें धान्य खाल्ल्यानें शरीरास अधिक बळ येतें काय? हॉवर्डसाहेबांची तशी दृढ समजूत होती. पुसा येथें आपले बैल शेजारच्या लाळखुरकुत झालेल्या ढोरांच्या तोंडास तोंड लावीत, तरी त्यांस तो रोग झाला नाहीं, असें त्यांनीं लिहिलें आहे. एवढ्यावरून आम्ही निर्णय देणार नाहीं. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लोकांनीं २०१२ सालीं पुष्कळ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हां सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा सबळ पुरावा त्यांस मिळाला नाहीं. परंतु त्यांत विषाचे अवशेष कमी आढळतात, हें त्यांनींहि मान्य केलें. आमच्या मतें आपल्या गांवच्या मजुरास ह्या वादाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. खाणाऱ्याच्या ताटांत विषाचा कण येतो. मारणाऱ्याच्या अंगावर पंपच्या पंप येतो.

मग उद्यांच पोतें व पंप दोन्ही टाकून द्यावे काय? नाहीं. शेजारच्या श्रीलंकेनें २०२१ सालीं रासायनिक खतांच्या आयातीस एकदम बंदी केली. पुरेसें सेंद्रिय खत तयार नव्हतें, शेतकऱ्यांस रीत शिकविलेली नव्हती. भाताचें पीक घटलें, तांदूळ बाहेरून आणावा लागला, चहाच्या मळ्यांसहि धक्का बसला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरांत बंदी उठवावी लागली. उलट सिक्कीम राज्यानें हाच निश्चय २००३ सालीं केला, आणि सुमारें ७५ हजार हेक्टर जमीन सेंद्रिय झाल्याची घोषणा जानेवारी २०१६ मध्यें झाली. तेरा वर्षें लागलीं, आणि तेथें आधींपासूनच रासायनिक खत थोडें वापरीत असत. अंजिराच्या झाडाच्या दाखल्यांतला माळी खणून खत घालण्यासाठीं धन्याजवळ एका वर्षाची मुदत मागतो. आमच्या रानांस त्याहून अधिक लागेल. एका एकराचे चार भाग करून पहिल्या वर्षी एका भागावर घरचें खत भरपूर घालावें, तेथें पोतें निम्म्यावर आणावें, आणि पीक मापून पाहावें. जनावरें ज्यांच्या घरीं राहिलीं नाहींत त्यांस शेण कोठून मिळणार ही अडचण खरी आहे. तेथें तागासारखें पीक पेरून फुलावर येतांच रानांत गाडणें एवढा एक उपाय उरतो, व त्यास पाऊस पाहिजे.

ज्यांस जमीनच नाहीं त्यांसाठीं खड्ड्याचा उपयोग परसांतल्या चार वाफ्यांपुरता. मेथी, वांगीं, शेवग्याचें एक झाड, ह्याहून अधिक आम्ही कबूल करीत नाहीं.

नातू घरीं आल्यावर त्या वडिलांकडे आम्ही गेलों. त्यांचें दीड एकर रान आहे. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "साहेब, माझा बाप भरीत होता तें खत पाटलाच्या रानांत जायचें. हें कोणाच्या रानांत जाईल?" आम्ही म्हटलें, "तुमच्याच." ते म्हणाले, "मग खड्डा मी खणतों. पण सुनेला भरायला सांगायचें नाहीं. ती नको म्हणते, तिचें बरोबर आहे." दिवाळीनंतर त्यांनीं व नातवानें मिळून पहिला खड्डा भरला. हातमोजे नातवानें आणले.

आतां पावसाळा जवळ आला आहे, म्हणून एक गोष्ट लिहून पुरें करितों. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी सांचून सारें सडतें. ज्येष्ठाच्या अखेरीस खड्ड्यांतील अर्धवट कुजलेलें बाहेर काढून उंचवट्यावर कंबरभर उंचीचा ढीग रचावा, माथा उतरता ठेवावा, वरून कडब्याचें किंवा पाल्याचें आच्छादन घालावें, आणि भोंवतीं चर खणून पाणी दुसरीकडे वळवावें. काडीकचरा आतांच, कोरडा असतां, झांपीखालीं सांठवून ठेविला तर श्रावणांत ढिगास लागेल तेव्हां हाताशीं असेल.